वाचकांचे प्रश्न : मुंबई ते न्यूयॉर्क, अंतर किती आणि वेळ किती?

लांब पल्ल्याच्या विमानप्रवासाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. बहुतेकांचा रोख मुंबई–न्यूयॉर्क आणि मुंबई–लंडन या दोन मार्गांवर होता, म्हणून उदाहरणंही तीच घेतली आहेत.

प्रश्न : मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर शोधलं, तर एका ठिकाणी १२,५३० आकडा मिळाला, दुसरीकडे ७,७९०, तिसरीकडे ६,७७०. विमानातल्या पडद्यावर तर १३,००० च्या वरचा आकडा होता. यातला खरा कोणता? (सातारा)

पहिले तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत, मापं तेवढी वेगळी. १२,५३० हे किलोमीटर आहेत. ७,७९० हे आपले नेहमीचे मैल (१ मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर). ६,७७० हे नॉटिकल मैल (१ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रण नॉटिकल मैलच वापरतात. त्यामुळे एखाद्या तक्त्यात नुसतं ‘मैल’ लिहिलं असेल, तर कोणते मैल ते आधी बघावं. या मार्गावर दोन मैलांतला फरक हजाराच्या घरात जातो.

हे अंतर दोन विमानतळांमधलं, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर आहे. त्या रेषेला बृहद्‌वृत्त म्हणतात. पडद्यावरचा मोठा आकडा विमान प्रत्यक्षात ज्या वाटेनं जातं तिचा असतो, आणि ती वाट नेहमीच या रेषेपेक्षा लांब असते. का, ते पुढच्या उत्तरांत येईल.

हे गणित घरच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवरही होतं. मुंबई–लंडन घेऊन बघा. मुंबई विमानतळाचा अक्षांश १९.०९ उत्तर, रेखांश ७२.८७ पूर्व. हीथ्रोचा अक्षांश ५१.४७ उत्तर, रेखांश ०.४५ पश्चिम. एक रेखांश पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा, म्हणून बेरीज करायची : ७३.३२. दोन्ही पूर्वेचे असते तर वजाबाकी केली असती. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, ०.२५५९ येतो. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन असे तिन्ही गुणा, ०.१६८९ येतो. दोन्हींची बेरीज ०.४२४८. तिचा व्यस्त कोसाइन घेतला की ६४.८६ अंश मिळतात. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की उत्तर साधारण ७,२१० किलोमीटर.

यात हमखास चूक होते ती कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर राहिल्यामुळे. उत्तर भलतंच आलं तर पहिल्यांदा तेच तपासा. दुसरी चूक म्हणजे विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरणं. त्यानं दहावीस किलोमीटरचा फरक सहज पडतो. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी असल्यामुळे वेगवेगळी संकेतस्थळं अर्ध्या टक्क्यापर्यंत वेगळे आकडे देऊ शकतात. ती त्यांची चूक नव्हे.

प्रश्न : न्यूयॉर्क तर मुंबईच्या सरळ पश्चिमेला दिसतं. मग नकाशावर विमानाची वाट उत्तरेकडे वळसा घेऊन का जाते? इंधन वाया जात नाही का? (इचलकरंजी)

वळसा नकाशात आहे, वाटेत नाही. गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडताना उत्तरेकडचे प्रदेश आडवे ताणावे लागतात, त्यामुळे तिथली छोटी अंतरं मोठी दिसतात. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा मुंबईवर धरा, दुसरं टोक न्यूयॉर्कवर ठेवून घट्ट ओढा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकेल.

तो नेमका कुठून जातो ते पाहण्यासारखं आहे. मुंबईहून निघाल्यावर सौराष्ट्र, सिंध, कंदाहारच्या आसपासचा भाग, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा, मग रशिया. सेंट पीटर्सबर्ग आणि हेलसिंकीच्या जवळून, नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइमवरून ही रेषा आइसलँडवर येते, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला शिवते आणि लॅब्राडोरवरून खाली न्यूयॉर्कला उतरते. वाटेत ती जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या दीड-दोन अंश अलीकडे.

आता भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली आणि होकायंत्राची दिशा न बदलता त्याच रेघेनं गेलो, तर अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर होतं. म्हणजे १,६०० किलोमीटरहून जास्त फेरा, जवळजवळ दोन तासांचा. ‘सरळ’ दिसणारी वाटच इथे महाग पडते.

प्रश्न : मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. अंतर तेच, विमानही तेच. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून हे होतं का? (नाशिक)

पृथ्वीच्या फिरण्याचा थेट संबंध नाही. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडत असतं. फरक पडतो तो वाऱ्यामुळे.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारे वेगवान वारे असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. लांब पल्ल्याची विमानं नेमकी याच उंचीवर उडतात. बोइंग ७८७ किंवा ७७७ साधारण ध्वनीच्या ०.८४–०.८५ पट वेगानं जातं. अकरा किलोमीटर उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस धरतात, तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. म्हणजे विमानाचा हवेतला वेग झाला ताशी ९०० च्या आसपास. हवा स्वतः समोरून ताशी १०० नं येत असेल, तर जमिनीच्या हिशेबानं विमान ८०० नंच पुढे सरकतं.

मुंबई–लंडनचे ७,२०० किलोमीटर धरा. वारा नसेल तर ८ तास. समोरून ताशी १०० चा वारा असेल तर ९ तास. तोच वारा पाठीशी असेल तर ७ तास १२ मिनिटं. जाण्या-येण्याची बेरीज बघा : वारा नसताना १६ तास, वारा असताना १६ तास १२ मिनिटं. जाताना गेलेला वेळ येताना पूर्ण भरून येत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलेलं असतं. या आकड्यांत जमिनीवरचं टॅक्सी करणं, वर चढणं-उतरणं आणि वाटेतले फेरे मिळवले की वेळापत्रकातले जाताना साडेनऊ-दहा आणि येताना नऊच्या आसपास तास येतात.

वारे ऋतूप्रमाणे बदलतात. हिवाळ्यात उपोष्ण कटिबंधीय जेट प्रवाह उत्तर भारताच्या डोक्यावर येऊन बसतो आणि जोरात असतो. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारीत पश्चिमेकडे जाणारी विमानं रखडतात आणि येणारी लवकर पोचतात. पावसाळ्यात हा प्रवाह हिमालयापलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर उलट, पूर्वेकडून येणारा वेगळा जेट प्रवाह तयार होतो. त्याचा अभ्यास भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये मांडला. त्याचा मुख्य जोर विमानांच्या नेहमीच्या उंचीच्याही वर असतो, पण मुंबईहून पश्चिमेला निघणाऱ्या विमानाला सुरुवातीच्या टप्प्यात त्याची थोडी मदत होते.

वारा किती फरक पाडू शकतो याचं गाजलेलं उदाहरण अटलांटिकवरचं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी हवामानात ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात.

प्रश्न : एकाच मार्गाचा प्रवास काही वर्षांत तास-दीड तासानं वाढलेला दिसतो. विमानं नवी आणि वेळ जास्त, हे कसं? (पुणे)

वर सांगितलेली बृहद्‌वृत्ताची रेषा पुन्हा आठवा : सिंध, अफगाणिस्तान, रशिया. भूगोलाच्या दृष्टीनं सर्वांत जवळची असलेली ही वाट आज विमान कंपन्यांना जवळजवळ वापरताच येत नाही.

पाकिस्ताननं २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत हवाई हद्द बंद ठेवली होती. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद झाली. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोप, ब्रिटन आणि अमेरिकेच्या कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही. जून २०२५ मध्ये इराण आणि आसपासची हद्दही काही दिवस बंद होती. असं झालं की विमान अरबी समुद्रावरून दक्षिणेला उतरून, ओमान-सौदीच्या बाजूनं फिरून युरोपकडे जातं.

याचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीला जास्त बसतो. मुंबईहून निघालेलं विमान लगेच समुद्रावर येतं आणि आखाताकडे वळू शकतं. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी गुजरातकडे खाली यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. फेरा वाढला की इंधन जास्त लागतं. टाकी भरलेली असेल तर वजन कमी ठेवण्यासाठी प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागतो, नाही तर वाटेत कुठे तरी इंधनासाठी उतरावं लागतं. एअर इंडियानं दिल्ली–वॉशिंग्टन सेवा सप्टेंबर २०२५ पासून थांबवली, त्याच्या कारणांत विमानांची कमतरता आणि पाकिस्तानची बंद हद्द ही दोन्ही होती.

पण लांबची वाट म्हणजे नेहमी जास्त वेळ, असंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेलं. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ १,४०० किलोमीटरनं लांब. तरी ते साडेचौदा तासांत पोचलं, पूर्वीपेक्षा दोनेक तास आधी. पूर्वेकडे जाताना जेट प्रवाह सगळ्या वाटेवर पाठीशी होता. प्रवासाचा वेळ ठरवताना किलोमीटरपेक्षा वाऱ्याला जास्त मान द्यावा लागतो, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

प्रश्न : तिकिटावर रात्री १.३० ला निघून सकाळी ७.०० ला न्यूयॉर्क, तीच तारीख. म्हणजे साडेपाच तासांत अमेरिका? नेमका हिशेब कसा करायचा? (अकोला)

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. रीत अशी : पोचण्याची वेळ आधी भारतीय वेळेत आणा, मग निघण्याची वेळ वजा करा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. सकाळचे ७.०० अधिक १०.३० म्हणजे आपले संध्याकाळचे ५.३०. त्यातून रात्रीचे १.३० वजा केले की १६ तास. उलट येताना न्यूयॉर्कहून सकाळी ११.३० ला निघालात तर तेव्हा इथे रात्रीचे १० वाजलेले असतात. साडेचौदा तासांचा प्रवास धरला तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा.

उन्हाळ्यात अमेरिका आणि युरोप घड्याळं एक तास पुढे करतात, आपण करत नाही. म्हणून न्यूयॉर्कचा फरक साडेनऊ तासांवर येतो आणि लंडनचा साडेपाचवरून साडेचारवर. अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतो. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बंद. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा लंडन–न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तास असतो. या दिवसांत युरोपमार्गे प्रवास असेल तर कनेक्टिंग विमानाची वेळ महिनाभर आधी बघून ठेवलेली असली, तरी आठवडाभर आधी पुन्हा तपासा.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे, कारण तिच्यापायी माणसांची विमानं चुकतात. तिकिटावर ‘१५ डिसेंबर, ००:४५’ असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री साडेनऊ-दहाला पोचायचं आहे. १५ ची रात्र समजून गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. आईवडिलांना तिकीट पाठवताना शेजारी ‘रविवारी रात्री जेवून निघायचं’ असं वारासकट मराठीत लिहून द्या. गाडी सांगतानाही तोच वार सांगा.

प्रश्न : आईबाबा पहिल्यांदाच एकटे अमेरिकेला निघालेत. थेट विमान महाग आहे. दुबईमार्गे जावं की फ्रँकफर्टमार्गे? अंतर किती वाढेल? (कोल्हापूर)

अंतराची काळजी सोडा. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क सुमारे ११,००० किलोमीटर, म्हणजे एकूण १२,९३०. फ्रँकफर्टमार्गे ६,५७० अधिक ६,१९०, एकूण १२,७६०. थेट १२,५३० च्या तुलनेत दोन-चारशे किलोमीटरच जास्त, म्हणजे अर्ध्या तासाच्या आतलं काम. शिवाय ज्येष्ठ मंडळींना सोळा तास सलग बसण्यापेक्षा मध्ये उतरून पाय मोकळे करणं बरं वाटतं.

खरा वेळ जातो तो मधल्या थांब्यावर. दीड तासाचं कनेक्शन कागदावर चालतं, पण पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की धावपळ होते. मोठ्या विमानतळावर एका टर्मिनलमधून दुसऱ्यात जायलाच अर्धा तास लागू शकतो आणि अमेरिकेच्या विमानासाठी गेटवर पुन्हा तपासणी असू शकते. तीन ते चार तासांचा थांबा ठेवा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असली पाहिजेत. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, तर पहिलं विमान उशिरा आल्यास दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही आणि सामानही मध्येच काढून पुन्हा द्यावं लागतं. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी तरी. चालता येत असलं तरी मागा. भाषेची अडचण असलेल्यांना गेटपर्यंत नेणारं माणूस मिळतं, हा तिचा मोठा उपयोग. युरोपमार्गे जात असाल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकिटाचे पैसे भरण्याआधी बघा.

अबू धाबीमार्गे जाण्याचा एक वेगळा फायदा आहे. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच उरकतं. न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत विमानानं आल्यासारखं थेट बाहेर पडता येतं. त्यासाठी अबू धाबीत मात्र वेळ हाताशी हवा. इतर मार्गांनी गेल्यास आणि न्यूयॉर्कहून पुढे डॅलस किंवा शिकागोला जायचं असल्यास, बहुतेक वेळा पहिल्याच अमेरिकी विमानतळावर बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात. हे आईबाबांना आधीच सांगून ठेवा, नाही तर बॅग पट्ट्यावर फिरत राहते.

प्रश्न : एका शहरात दोन विमानतळ असतील तर अंतर कोणतं धरायचं? (पणजी)

हवेतल्या अंतराला फारसा फरक पडत नाही, जमिनीवरच्या धावपळीला पडतो. न्यूयॉर्कसाठी जेएफके आणि न्यूअर्क ही दोन्ही नावं दिसतील, आणि न्यूअर्क तर न्यू जर्सी राज्यात आहे. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या नातेवाइकांना तेच सोयीचं. गोव्यात दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं उडू लागली आहेत, तिचा कोड एनएमआय आणि जुन्या मुंबई विमानतळाचा बीओएम. तिकिटावर शहराचं नाव न वाचता ही तीन अक्षरं वाचा.

प्रश्न : वैमानिक सांगतो ‘उड्डाणाचा वेळ १४ तास ५० मिनिटं’, तिकिटावर मात्र १६ तास. कोणावर विश्वास ठेवायचा? (चिपळूण)

दोघांवरही. वैमानिक धावपट्टी सोडल्यापासून धावपट्टीला टेकेपर्यंतचा वेळ सांगतो, तोही त्या दिवसाचा वारा बघून. तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो. मुंबईत गर्दीच्या वेळी रांगेत उभं राहून उडायलाच वीस-पंचवीस मिनिटं जाऊ शकतात, न्यूयॉर्कला उतरल्यावर गेट मोकळं होईपर्यंत तेवढीच. शिवाय कंपन्या ऋतूतला वाईट वारा धरून वेळापत्रकात थोडा जास्तीचा वेळ ठेवतात.

एखादं विमान खरोखर किती वेळ घेतं हे बघायचं असेल, तर विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपमध्ये त्याचा क्रमांक टाका आणि गेल्या काही दिवसांच्या प्रत्यक्ष निघण्या-उतरण्याच्या वेळा बघा. न्यायला कोणी येणार असेल तर त्यांना उतरण्याच्या वेळेत दीड ते दोन तास मिळवून बोलवा. इमिग्रेशनची रांग आणि सामान यांत तेवढा वेळ जातो.